‘बाहेरचं लायसन्स इथं चालत नाही’ म्हणणाऱ्या एजंट मंडळींना

मुंबईतल्या आरटीओंबाहेर टेबल-खुर्ची मांडून बसणाऱ्या तमाम एजंट मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली. एमएच-०१, ०२, ०३ आणि ४७. चारही ठिकाणच्या तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. परिवहन आयुक्तांना लिहायचं सोडून तुम्हाला का, असं कुणी विचारेल. परराज्यातून मुंबईत आलेला माणूस आयुक्तांना भेटत नाही आणि कायद्याचं पुस्तकही उघडत नाही. तो रिक्षा-टॅक्सीतून उतरतो आणि फाटकाशी पोचायच्या आत "बोला, काय काम आहे? लायसन, ट्रान्सफर, पासिंग?" हे त्याच्या कानावर पडतं. पुढं तुम्ही जे सांगाल तोच त्याच्यापुरता कायदा. म्हणून पत्र तुम्हाला.

मी मूळची बडोद्याची. दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी मुली असतात, त्यांतली एक. लायसन्स जीजे-०६चं, लग्नानंतर तेच घेऊन मुंबईत आले आणि त्यावरच इथं गाडी चालवते आहे. आल्या आल्या पहिला सल्ला मिळाला तो तुमच्यातल्याच एका गृहस्थांकडून. कुठल्या आरटीओबाहेर, ते लिहीत नाही. ओम्नीचं मागचं दार वर केलेलं, आत झेरॉक्स मशीन, बाहेर छत्रीखाली टेबल, टेबलावर डिंकाची बाटली आणि पासपोर्ट फोटो कापायची कात्री. माझं कार्ड त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गुजरातचं लायसन महाराष्ट्रात सहा महिनेच चालतं. नंतर पकडलं तर पाच हजार. आताच ट्रान्सफर करून घ्या, नंतर लफडं होतं."

या वाक्यातले दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन्ही भलतीकडून उचललेले आहेत. सहा महिने ही लर्निंग लायसन्सची मुदत. पाच हजार हा विनापरवाना गाडी चालवल्याचा दंड, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा, कलम १८१ खालचा. माझ्याकडं लर्निंग नव्हतं, पक्कं लायसन्स होतं, आणि मी विनापरवानाही नव्हते. पण ऐकणाऱ्याला हे कुठून कळणार? खोटं बोलायचं तर ते असंच, खऱ्याचे तुकडे जोडून बोलावं लागतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १३ अगदी छोटं आहे: या कायद्याखाली दिलेलं लर्निंग किंवा पक्कं लायसन्स संपूर्ण भारतात लागू राहील. त्यात महिन्यांची अट नाही, राज्याची नाही, ट्रान्सफरचा तर उल्लेखच नाही. बडोद्याचं लायसन्स बोरिवलीत चालतं, बोरिवलीचं बेळगावात चालतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून तर सगळ्या राज्यांच्या कार्डाचा नमुनाही एकच ठरला आहे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी मोबाइल अ‍ॅपमधलं लायसन्स दाखवलं तरी ते मूळ कार्डाइतकंच ग्राह्य धरायचं, हेही केंद्रानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आता मुदतीत असलेलं लायसन्स ‘बाहेरचं’ म्हणून बाद ठरवायला काही आधार उरतो का, तुम्हीच सांगा.

लायसन्सचं ट्रान्सफर म्हणून तुम्ही जे विकता ते प्रत्यक्षात पत्ताबदलाचं काम आहे. नंबर तोच राहतो. माझा जीजे-०६ने सुरू होणारा नंबर मुंबईचा पत्ता चढवल्यावर एमएच होत नाही. लोक इथंच फसतात, कारण त्यांना वाटतं की एमएचचा नंबर मिळाला की आपण कायदेशीर झालो.

आता गाडीचं बोलू, कारण घोळाचं मूळ तिथं आहे. आणि तिथं तुम्ही बरोबर असता, हेही मान्य करते.

दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवली तर मालकानं इथला नवा नंबर घ्यायला हवा, हे कलम ४७. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला; त्याचं कलम ४८ आणि फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती. मग इथं फॉर्म २७, गाडीची तपासणी, महाराष्ट्राचा टॅक्स, आणि जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायचा अर्ज. शेवटचं काम करताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. अशा कामात तुमची मदत घेतली तर तुमचे पैसे तुम्हाला मिळायलाच हवेत. बदलीच्या नोकरीवाल्यांचा हा ताप कमी व्हावा म्हणून तर सप्टेंबर २०२१ पासून बीएच, म्हणजे भारत मालिकेचे नंबर सुरू झाले; राज्य बदललं तरी ते बदलावे लागत नाहीत.

पण हे सगळं गाडीचं झालं. एनओसी, बारा महिने, नवा नंबर, टॅक्स यांतलं काहीच लायसन्सला लागू नाही. नव्यानं आलेला माणूस बिचारा दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमधून आणतो, आणि तुम्ही दोन्हींचं मिळून एकच पॅकेज सांगता. "गाडी अन् लायसन दोन्ही ट्रान्सफर, टोटल इतके." त्यातलं निम्मं काम खरं असतं, म्हणून उरलेलं निम्मंही त्याला खरं वाटतं. माझ्या माहितीतल्या एका नागपूरकरानं हैदराबादेहून परत येताना लायसन्सच्या एनओसीसाठी तिथल्या कार्यालयात खेटे घातले. मूळ लायसन्स नागपूरचंच होतं! हैदराबादला त्यानं फक्त गाडी घेतली होती. कुणी सांगितलं म्हणे. कोण ते विचारलं नाही, अंदाज आहे.

या सगळ्यापेक्षा वाईट सल्ला मात्र वेगळाच आहे आणि तो हल्ली वाढला आहे. आमच्या सोसायटीत इंदूरहून आलेला एक मुलगा भाड्यानं राहतो. एमपी-०९चं लायसन्स, मुदत कितीतरी वर्षं बाकी. त्याला तुमच्यातल्या एकानं सांगितलं, "जुन्याच्या भानगडीत पडू नका. इथं फ्रेश काढू. लर्निंगची परीक्षा आम्ही बघून घेतो." पोरगं तयारही झालं होतं. त्याच्या आईनं माझ्याशी फोनवर बोलताना सहज हा विषय काढला, म्हणून थांबलं.

कलम ६ काय म्हणतं? एक लायसन्स चालू असताना माणसानं दुसरं धारण करायचं नाही. मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ लर्निंग. म्हणजे कारचं लायसन्स असलेल्यानं मोटारसायकलसाठी लर्निंग काढलं तर हरकत नाही. पण तेच कारचं लायसन्स दोन राज्यांत दोनदा काढायचं, हे सरळ बेकायदा आहे. ज्याच्याजवळ धडधडीत वैध लायसन्स आहे त्याला तुम्ही पैसे घेऊन गुन्ह्याच्या दारात नेऊन उभं करता, वर म्हणता सोपं पडेल. उद्या अपघात झाला, विमा कंपनीनं कागद मागितले, आणि एकाच माणसाच्या नावावर दोन लायसन्स निघाली, तर तुमची छत्री त्याच्या डोक्यावर असणार नाही. शिवाय जुनं टाकून दिलं की लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीखही जाते. दहा वर्षं गाडी चालवणारा माणूस कागदावर काल शिकलेला ठरतो. ज्याला ड्रायव्हर म्हणून नोकरी करायची आहे त्याला हे किती महागात पडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग पत्ता बदलायचाच नाही का? तसं माझं म्हणणं नाही. कायमचं राहायला आलात, स्वतःचं घर झालं, तर बदलून घ्यावा. लायसन्सवर नवा वर्ग चढवायचा असेल, परदेशी जाण्याआधी आयडीपी, म्हणजे तिथं गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना, काढायचा असेल, तर इथला पत्ता असलेला बरा. कार्डसुद्धा टपालानं नोंदलेल्या पत्त्यावरच येतं. जुन्या पत्त्यावर गेलेलं कार्ड पोस्टमन परत नेतो आणि पुढचे हेलपाटे ज्याचे त्याला.

पण हे काम घरबसल्या होतं, आणि हे तुम्ही सांगत नाही, ही माझी खरी तक्रार. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं आधार पडताळणीवर १८ सेवा ऑनलाइन करायला मुभा दिली, त्यांत लायसन्सवरचा पत्ता बदलणं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ही यादी ५८ सेवांवर गेली. सारथी या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, आधारचा ओटीपी द्यायचा. केंद्राच्या नियमांप्रमाणे पत्ताबदलाची फी २०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे, वर टपालाचं किरकोळ. हीच बेरीज तुमच्या टेबलावर कशी फुगते, ते तुमचं तुम्हाला माहीत.

या ऑनलाइन वाटेत एक खोच आहे: पत्ता आधारवरून येतो. म्हणजे आधी आधारवर मुंबईचा पत्ता हवा. आणि मुंबईत पत्ता म्हणजे काय चीज आहे, हे इंदूर-बडोद्याच्या माणसाला इथं आल्याशिवाय कळत नाही. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याच्या घराचा करार, मग मालकाच्या मुलाचं लग्न ठरतं किंवा बिल्डिंग पुनर्विकासाला जाते, की हलवा बिऱ्हाड कांदिवलीहून भांडुपला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार हातात असला की आधारवर पत्ता चढतो आणि मग लायसन्सवरही. मालक नोंदणीला टाळाटाळ करत असेल तर भाडेकरू अडकतो, आणि नेमक्या त्याच हतबल अवस्थेत तो तुमच्या तावडीत सापडतो. "पत्त्याचा पुरावा आम्ही देतो" असं तुमच्यातले काही सांगतात. देतात म्हणजे काय करतात, ते इथं लिहायची गरज नाही. असला कागद लागलाच तर अर्जावर सही भाडेकरूची असते, तुमची नसते.

माझं मत विचाराल तर भाड्याच्या घरात असलेल्यानं लायसन्सच्या पत्त्याची घाई करू नये. दर अकरा महिन्यांनी कार्ड छापून घेण्यात काय मतलब? लायसन्स वैध आहे. घर पक्कं झालं की बदला.

नूतनीकरणाबद्दलही असाच एक समज तुम्ही जिवंत ठेवला आहे, की ज्या आरटीओनं दिलं तिथंच जावं लागतं. कलम १५ म्हणतं, कोणतंही परवाना प्राधिकरण नूतनीकरण करू शकतं. ते मूळ आरटीओ नसेल तर त्यानं मूळ आरटीओला तसं कळवायचं. हे कळवायचं काम कार्यालयाचं आहे, अर्जदाराचं नाही. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि २०१९ च्या आधी ही सवलत पाच वर्षांची होती, म्हणून जुनी माणसं अजून "बघू सावकाश" म्हणत बसतात. सावकाश म्हणायचे दिवस गेले, हे त्यांना सांगा. तुमच्या धंद्यालाही ते बरंच पडेल, कारण नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १ए, लागतं आणि ते अपलोड करताना लोकांची तारांबळ उडते. तिथं मदत करा, पैसे घ्या, कुणाचं काही म्हणणं नाही.

तुम्हाला आवारातून हाकलायचे आदेश अधूनमधून निघतात, पेपरात फोटो येतो, आठ दिवसांत छत्र्या पुन्हा उघडतात. मला त्यात पडायचं नाही. तुम्ही आहात, कारण तुमची गरज आहे. ज्याला ओटीपी म्हणजे काय ते कळत नाही, ज्याचा फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही, ज्याला अर्ज मधेच का अडला ते स्क्रीनवरच्या इंग्रजी ओळीतून उमगत नाही, त्याच्यासाठी तुम्ही आधार आहात. खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता "सर्व्हर डाउन" म्हणतो, तेव्हा किती वाजता परत यायचं हे तुम्हीच सांगता. ही तुमची खरी विद्या आहे. मग भीती कशाला विकता?

मागणी म्हणाल तर छोटी आहे. टेबलावर एक पाटी लावा: दुसऱ्या राज्याचं मुदतीतलं लायसन्स महाराष्ट्रात चालतं. तिच्याखाली सरकारी फी एका रकान्यात आणि तुमची मजुरी दुसऱ्या रकान्यात. ज्याला काम द्यायचं तो देईल. दोन गिऱ्हाइकं जातील, कबूल. पण आज ज्याला तुम्ही परत पाठवाल तो उद्या गाडीची एनओसी घेऊन तुमच्याकडंच येईल, कारण खरं बोलणारा एजंट मुंबईत शोधावा लागतो.

आणि एक काम आहे, ते मात्र तुमचंच.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये बेळगावचे एक गृहस्थ आहेत. पन्नाशीच्या थोडे अलीकडचे. लायसन्स केए-२२चं, पुस्तिकेच्या रूपातलं, हातानं लिहिलेलं, वीस वर्षांच्या मुदतीचं. ती मुदत आता संपत आली आहे. सारथीवर नंबर टाकला की नोंद सापडत नाही. त्यांचं लायसन्स खोटं नाही; जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढलीच नाही, बॅकलॉग राहिला. ती नोंद बेळगावच्या आरटीओनंच चढवायची असते, मुंबईतून कुणी चढवू शकत नाही. त्यानंतर इथं नूतनीकरण, फॉर्म १ए, आणि वयाप्रमाणे पुढची दहा वर्षं मिळतील. पन्नाशी ओलांडली तर मुदत फक्त साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचीच. म्हणून त्यांना वेळेत उरकायचं आहे. घरी म्हातारी आई आहे, त्यामुळं बेळगावच्या वाऱ्या त्यांना जमणाऱ्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणाची बेळगावात ओळख असेल, तिथल्या खिडकीत अर्ज देऊन नोंद चढेपर्यंत पाठपुरावा करणारा माणूस असेल, तर सांगा. ते रीतसर मजुरी द्यायला तयार आहेत. पुस्तिकेची दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवली आहे. फक्त त्यांना नवीन लर्निंग काढायला सांगू नका, कलम ६ त्यांना मी वाचून दाखवलं आहे.

आपली,
जीजे-०६ची एक मुंबईकर